गिरणीवाल्या अप्पांचा अंदाज

आमच्या गावात कोण कुणाला मत देणार, हे मत देणाऱ्याच्या आधी गिरणीवाल्या अप्पांना कळायचं. मी वाढवून सांगत नाही. कर्नाटकाच्या हद्दीतल्या औराद तालुक्यातल्या त्या गावी मराठी शाळेवर बाई म्हणून मी चौदा वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं मतदार यादीचं लचांड माझ्याच गळ्यात होतं. एवढ्या काळात अप्पांचा अंदाज चुकलेला मी एकदाच पाहिला, आणि तो कसा चुकला हे गावातल्या पुरुषांना अजून नीट माहीत नाही.

अप्पा पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरे असत. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि नाकाखाली दोन्ही ओठ झाकून टाकणारी भली मोठी मिशी. ती पिकलेली आहे की नुसती पिठाने माखलेली, हे त्यांच्या बायकोलासुद्धा दिवाळीच्या आंघोळीलाच कळत असावं. पस्तीस वर्षं पट्ट्याच्या घरघरीत काढल्यामुळे कान कामातून गेले होते. रस्त्यात भेटले आणि "अप्पा, रामराम" म्हटलं की ते "गहू का ज्वारी?" असं विचारत. त्यामुळे गावाने त्यांच्याशी गिरणीबाहेर बोलणंच सोडून दिलं होतं.

पण निवडणूक लागली की अप्पांना भाव यायचा. मतदानाच्या चार दिवस आधी ते ओल्या पिठात बोट बुडवून गिरणीच्या पत्र्याच्या दारावर निकाल लिहून टाकत. विधानसभा असो की पंचायत, गल्लीगणिक कोण किती पुढे, सगळं. कमलनगरहून जीप भरून माणसं ते दार वाचायला येत. ज्याला आकडा पटत नसे तो अप्पांशी मिशीची पैज लावी, हरला की न्हाव्याकडे जाई आणि महिनाभर तोंडावर रुमाल धरून हिंडे. अप्पांची मिशी मात्र कधी उतरली नव्हती.

सगळ्या पक्षांची उपरणी त्यांच्याकडे खुंटीला ओळीने टांगलेली असत, कारण प्रत्येक उमेदवार येऊन एक गळ्यात घालून जाई. अप्पा ती फार निगुतीने वापरत. एक उमेदवार आला की खुर्ची झटकायला त्याच्या विरोधकाचं उपरणं घेत, आणि दुसऱ्या दिवशी विरोधक आला की याचं. दोघेही खूश होऊन जात. तिसऱ्या एका पक्षाचं उपरणं पट्ट्याचं तेल पुसायला ठेवलेलं होतं, कारण त्या पक्षाचं कुणी तिकडे फिरकतच नसे.

आमचा भाग तसा मजेशीर आहे. घरातला टीव्ही मराठी, सिनेमा तेलुगू, कचेरीतला कागद कन्नड, आणि भांडण अगदी हातघाईवर आलं की दखनी उर्दू. पारावर लोक मुंबईच्या मंत्र्यांवरून एकमेकांची गचांडी धरायचे, ज्यांना मत द्यायची यांना सोयच नव्हती. आणि ज्यांना मत द्यायचं त्या बेंगळुरूच्या मंडळींबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मी एकदा हे अप्पांजवळ बोलले, तर पट्टा शिवायचं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, "बाई, जिथं आपलं मत न्हाई तिथं माणसाला लई जोर असतो."

घरांचे त्यांनी तीन प्रकार पाडले होते. आजोबांपासून एकाच चिन्हावर शिक्का मारणारं ते बसलेलं घर. प्रत्येक वेळी नवीन जावयासारखं रुसून दुसरीकडे जाणारं ते फिरतं घर. आणि नवऱ्याचं मत एकाला, बायकोचं दुसऱ्याला, म्हणजे कोणीही निवडून आला तरी आपण त्याच्याकडे ताठ मानेने जायचं, असं ठरवून केलेलं ते दोन दारांचं घर. अप्पांच्या मते तालुक्यात तिसऱ्या प्रकारचीच घरं जास्त होती आणि सगळ्यांत शहाणी तीच होती.

हे सगळं तुम्हाला कळतं कसं, असं विचारलं की अप्पा दळणाकडे बोट दाखवत. ज्या घरची चार किलोची ज्वारी एकदम आठ किलो झाली, त्या घरची पोरं पुण्याहून, हैदराबादहून मतासाठी आली. ती कुणाच्या जीपमधून उतरली हे पाहिलं की पुढचं आपोआप कळतं. गाव या उत्तरावर समाधानी होतं. मीही होते, तोंडाला मास्क लावायचे दिवस येईपर्यंत.

त्या दिवसांत अप्पांचं काहीतरी बिनसलं. बारीक दळा म्हटलं की जाडं दळत, जाडं म्हटलं की मैदा करून ठेवत. कुणी काही बोललं की नुसते डोळे बारीक करून बघत राहत. आणि त्या साली निवडणूक लागली तर दारावर एक रेघही ओढली नाही. हवा नासलीय, पिठाला वास न्हाई, असं काहीतरी सांगून त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. मला शंका आली. शाळा बंद, वेळ भरपूर, त्यामुळे शंकेचा पाठपुरावा करायला मी मोकळीच होते.

एका सकाळी गिरणी धडधडत असताना मी मास्क खाली ओढला आणि तोंडातून आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवले, "अप्पा, पट्टा सुटतोय." अप्पा टुणकन उडी मारून पट्ट्याकडे वळले. पट्टा जागेवर होता. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चोरी करताना पकडलेल्या पोराचा चेहरा मी जन्मभर पाहत आलेय, तो अगदी तसाच होता.

म्हणजे प्रकार असा होता. गिरणीच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येत नाही म्हणून बायका तिथे मनमोकळं बोलायच्या. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, मताबद्दलसुद्धा. म्हातारा तर ठार बहिरा, त्याची कोण कशाला पर्वा करतंय? आणि हा बहिरा म्हातारा पस्तीस वर्षं पिठाच्या धुरळ्याआडून त्यांचे ओठ वाचत होता. मराठी, कन्नड आणि दखनी, तिन्ही भाषांतले. मी आमच्या हेडमास्तरांबद्दल तिथे काय काय बोलले होते ते आठवून मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेत आले, पोरांच्या बाकावर अंग चोरून बसले आणि म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका. बायका दुसऱ्या गिरणीला जातील." मी वचन दिलं, पण फुकट नाही. गावात कोण वारलं, कोण नांदायला गेली, हे त्यांनी मला वेळच्या वेळी सांगायचं, म्हणजे माझी मतदार यादी साफ राहील. तालुक्याला माझ्या यादीचं कौतुक झालं ते या सौद्यामुळे.

अप्पांचं एक गाऱ्हाणं होतं. मिशीवाल्या पुरुषांचं मत त्यांना वाचता येत नसे. ओठच दिसले नाहीत तर वाचायचं काय? म्हणून त्यांनी स्वतःचीही मिशी ओठांवर उतरवून ठेवली होती, की आपल्यालाही कुणी वाचू नये.

मग लोकांचे मास्क उतरले आणि आमच्या वॉर्डाची पोटनिवडणूक लागली. वॉर्डाचा मेंबर वारला होता. पंचायतीत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या, त्यामुळे त्या एका जागेवर एक मोठी गोष्ट अडली होती, ती म्हणजे बस. बस गावात येत नव्हती, फाट्यावरच थांबायची. बस वळवायला शाळेजवळची जागा देतो, असा पंचायतीचा ठराव आणा, मग बस आत पाठवतो, असं डेपोने सांगितलं होतं. ठराव होत नव्हता, कारण फाटा ते गाव जीपा चालायच्या आणि त्या चेअरमनच्या होत्या. चेअरमन म्हणजे सोसायटीचे माजी चेअरमन. खुर्ची जाऊन बारा वर्षं झाली तरी गाव त्यांना चेअरमनच म्हणायचं. जीपमध्ये माणसं कोंबलेली असत, आणि वयात आलेल्या पोरीला त्या गर्दीत बसवायला आया तयार नसत. माझ्या हाताखालून गेलेल्या तीन हुशार पोरींचं कॉलेज त्या दोन मैलांपायी सुटलं होतं. मला त्याचा भयंकर राग यायचा, पण सरकारी नोकराने राग गिळायचा असतो.

जागा बाईसाठी राखीव होती. चेअरमननी सुनेला उभं केलं. समोर उभी राहिली ती बुद्धविहाराच्या गल्लीतली अक्का. बीदरला वसतिगृहात राहून कन्नडमधून शिकलेली, चार एकर स्वतः कसणारी बाई. डेपोला गेली पाच वर्षं तीच अर्ज लिहीत होती. गावाचे मराठी अर्ज परत यायचे, हिचा कन्नड अर्ज दाखल तरी होई. पण वरच्या गल्ल्यांतले पुरुष तिला मत देणार नाहीत हे उघड होतं, आणि तिच्या गल्लीची मतं एकटी पुरणार नव्हती.

वॉर्डातल्या सगळ्या गल्ल्यांच्या बायका एका रांगेत उभ्या राहतात अशी गावात एकच जागा होती. तिथे, पट्ट्याच्या आवाजात, डब्यावर डबे ठेवून बायकांनी ठरवून टाकलं. घरात मान डोलवायची आणि आत जाऊन अक्काचं बटण दाबायचं. मी तिथेच होते. मी सरकारी माणूस, म्हणून मी भिंतीवरच्या तसबिरीतला चमचमत्या खडीचा शंकर बघत उभी राहिले. अप्पा गव्हात हात घालून उभे होते आणि त्यांची नजर एकीच्या तोंडावरून दुसरीच्या तोंडावर फिरत होती.

दोन दिवसांनी चेअरमन गिरणीवर आले. अंदाज लिहा म्हणाले. वरकरणी साधी गोष्ट, पण अप्पांना आणि मला दोघांनाही पेच कळत होता. अंदाज खरा लिहिला तर चेअरमन त्याच संध्याकाळी वरच्या गल्ल्यांच्या बायकांना मैलार मल्लण्णाच्या, म्हणजे आमच्याकडच्या खंडोबाच्या, देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावणार. पूर्वी दोनदा त्यांनी ते केलं होतं. हातात बेल आणि भंडारा घेऊन एकदा शब्द दिला की त्या बायका तो मोडणार नाहीत, प्राण गेला तरी. आणि काहीच लिहिलं नाही तर चेअरमनना लगेच वास लागणार.

अप्पांनी पिठात बोट बुडवलं आणि लिहिलं, "चेअरमनची सून, साठ मतांनी." चेअरमन प्रसन्न झाले आणि देवळाकडे न जाता जेवायला घरी गेले. फक्त गिरणीवर आपला एक माणूस बसवून गेले, अंदाज बदलला तर कळावं म्हणून.

इथपर्यंत झकास होतं. पण एक गोष्ट अप्पांच्या लक्षात आली नाही. त्यांच्या दारावर चेअरमनचा जेवढा विश्वास होता, तेवढाच बायकांचाही होता. सकाळी दार वाचून त्यांची तोंडं उतरली. खालच्या गल्लीला वाटलं वरची फिरली, वरचीला वाटलं खालची फुटली. रांगेत कुणी कुणाशी बोलेना. आपणच एकट्या पडलो तर कशाला घरात तमाशा करून घ्या, असं दोघीतिघी म्हणायलाही लागल्या. अक्का डबा घेऊन आली आणि दाराकडे बघत नुसती उभी राहिली. पाच वर्षांचे अर्ज तिच्या तोंडावर दिसत होते. अप्पा विकले गेले, असं एक म्हातारी उघड म्हणाली. अप्पांनी ते वाचलं, आणि त्यांच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

त्यांना खरं सांगता येत नव्हतं. गिरणी बंद करून बोलावं तर चेअरमनचा माणूस पोत्यावर बसलेला. चालू ठेवून नुसते ओठ हलवावेत तर मधे मिशी.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा आले ते मिशी सफाचट करून. गावाने ओळखलंच नाही. वरचा ओठ नुकत्याच सोललेल्या लसणीसारखा दिसत होता. चेअरमनच्या माणसाने चमकून विचारलं, "अप्पा, हे कामून केलाव?" अप्पा म्हणाले, "पैज लावायला येतेत सकाळपासनं. अंदाज पक्का हाय, मग खामखा लोकांच्या मिशा कशाला उतरवू? आपलीच काढून टाकली, म्हंजी पैजच न्हाई." त्या माणसाला हे पटलं. आमच्याकडे पुरुषांना मिशीचं कारण दिलं की काहीही पटतं.

मग अप्पांनी पट्टा चढवला. गिरणी धडधडायला लागली. रांगेत वॉर्डाच्या बारा-पंधरा बायका होत्या, अक्का होती, मी होते. चेअरमनचा माणूस अप्पांच्या मागे पोत्यावर विडी ओढत होता, त्याला अप्पांची फक्त पाठ दिसत होती. अप्पांनी ज्वारी ओतता ओतता आमच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता सावकाश, एकेक शब्द सुटा करून ओठ हलवले, "मी खोटं लिव्हलंय. कुणीबी फिरलं न्हाई. ठरलंय तसंच करा."

बायकांना ते लगेच कळलं. कळणारच. इतकी वर्षं त्या घरघरीत त्या एकमेकींशी अशाच तर बोलत होत्या, आपण ओठ वाचतो हे त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच. आधी सगळ्यांचे चेहरे उजळले. अक्काने डोळे मिटून घेतले. आणि मग हळूहळू दुसरी गोष्ट एकेकीच्या डोक्यात शिरायला लागली. म्हाताऱ्याला ठरलेलं कळलं कसं? म्हणजे याला सगळं... म्हणजे पहिल्यापासून...? कालच विकला गेला म्हणणाऱ्या म्हातारीने कपाळावर हात मारला आणि पदर ओढून तोंडावर घेतला. तिच्यामागोमाग अख्ख्या रांगेने. पोत्यावरच्या माणसाला वाटलं, पीठ उडतंय.

अक्का एकवीस मतांनी आली. चेअरमन तणतणत गिरणीवर आले, साठ मतं गेली कुठे म्हणून. अप्पा कानाला हात लावून म्हणाले, "गहू का ज्वारी?" तीन वेळा विचारलं, तीनदा तेच उत्तर. चेअरमन निघून गेले. पुढे महिनाभर पारावर अप्पांची टिंगल चालली. म्हाताऱ्याची मिशी गेली आणि अक्कलही तिच्याबरोबर गेली, असं लोक म्हणायचे. दार वाचायला कुणी येईना, उमेदवारांची उपरणी यायची बंद झाली. अप्पांनी एका शब्दानेही कुणाला काही सांगितलं नाही.

ठराव झाला. बस आत आली. माझ्या तीनपैकी दोन पोरी परत कॉलेजला जायला लागल्या, तिसरीचं लग्न होऊन गेलं होतं. पहिल्या दिवशी बसला हार घालताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मतदार यादी माझ्या हातात असल्यामुळे एक गोष्ट मला माहीत होती. अप्पांचं नाव पलीकडच्या वॉर्डात होतं, त्या पोटनिवडणुकीत त्यांना मतच नव्हतं. ओठ आता सगळ्याच बायकांना वाचता येत होते, म्हणून मी त्यांना कागदावर लिहून विचारलं, की मग एवढी मिशी कशाला घालवलीत. त्यांनी कागद वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "माज्या गिरणीत ठरलं व्हतं ते, बाई. माज्या डोळ्यांदेखत ठरलं, आन माज्यामुळं मोडलं असतं, तर तोंड कुठं दाखवलं असतं?"

बायकांनी त्यांना माफ केलं का? अर्धंमुर्धं. सगळ्यांनी मिळून कमलनगरच्या बाजारातून त्यांना एक मोठा स्टीलचा डबा आणून दिला, मणभर ज्वारी मावेल असा. आमच्याकडे भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतात. या डब्यावर कुणाचंच नाव घातलं नाही, पुरावा नको म्हणून. पण गिरणी चालू असली की तोंडावर पदर, हा नियम मात्र पक्का झाला. आता त्या बोलायच्या ते करंट गेल्यावर, पदर बाजूला करून, खणखणीत आवाजात, कारण पाठमोरे अप्पा ठार बहिरे. अप्पाही मग शहाण्यासारखे रांगेकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसत. बायकांना बरं वाटे. म्हातारा सुधारला म्हणत. एकदा तर करंट आला तरी बोलणं संपेपर्यंत त्यांनी पट्टा चढवला नाही, आणि त्याचं गावभर कौतुक झालं.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी गिरणीवर गेले. करंट गेला होता. रांगेत येत्या निवडणुकीची चर्चा जोरात होती आणि अप्पा नेहमीप्रमाणे पाठ करून बसले होते. मी जवळ गेले तर त्यांच्या समोर, भिंतीला टेकवून, तो स्टीलचा डबा ठेवलेला. आरशासारखा घासलेला. त्यात सगळी रांग दिसत होती, एकेकीचं तोंड ओठांसकट. अप्पांना त्यात माझाही चेहरा दिसला. ते दचकले, मग हळूच मान वळवून म्हणाले, "डबा गोल हाय बाई, तोंडं लांबुडकी दिसतेत. दहावीस मतं हिकडं तिकडं व्हतेत."

मी बायकांकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं असं एक क्षण मनात आलं. मग मी अप्पांना वाकून नमस्कार केला आणि बस पकडायला निघाले.